अंतःकरण एका पक्षाला, हात दुसऱ्या पक्षाला

गुजरातेत नवागाम नावाची गावे पुष्कळ आहेत. आमचे नवागाम सुरत शहराला लागून, डिंडोलीच्या शेजारी, खानदेशातून यंत्रमागांवर काम करण्यासाठी आलेल्या मराठी कुटुंबांनी गजबजलेले. दुसरे एक नवागाम खेडा जिल्ह्यात आहे. दांडीस निघालेल्या गांधीजींनी १९३० च्या मार्च महिन्यात दुसऱ्या दिवसाचा मुक्काम तेथे केला होता. ही गोष्ट शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्याच खेडा जिल्ह्यातून बारा वर्षांपूर्वी, म्हणजे १९१८ साली, तेच गांधीजी इंग्रज सरकारच्या फौजेसाठी शिपाई मागत गावोगाव पायी हिंडले होते, असे सांगितले तर मुलेच काय, मोठी माणसेही चकित होतात. अहिंसेचा उपासक आणि लष्कराची भरती! ही दोन टोके एकत्र आली कशी?

याचे उत्तर शोधू गेल्यास आपल्याला समुद्र ओलांडून दक्षिण आफ्रिकेत जावे लागते, कारण या गाठीचा पहिला पीळ तेथे पडला.

डच वंशाचे शेतकरी, ज्यांना बोअर म्हणत व जे पुढे स्वतःस आफ्रिकानेर म्हणवू लागले, त्यांची ट्रान्सवाल व ऑरेंज फ्री स्टेट अशी दोन लहान प्रजासत्ताके होती. ट्रान्सवालच्या भूमीत सोने सापडले आणि त्या शेतकऱ्यांचे स्वास्थ्य संपले. ११ ऑक्टोबर १८९९ रोजी इंग्रजांशी त्यांचे युद्ध जुंपले ते ३१ मे १९०२ पर्यंत चालले. मूठभर घोडेस्वार जगातील सर्वांत बलाढ्य साम्राज्याला अडीच वर्षे दमवीत राहिले. त्यांना नमविण्यासाठी इंग्रजांनी त्यांची शेते जाळली, बायकामुलांना छावण्यांत कोंडले. त्या छावण्यांत रोगराईने व उपासमारीने सव्वीस हजारांहून अधिक बायका-मुले मेली. त्यांत मुलांचीच संख्या मोठी होती. काळ्या लोकांसाठी निराळ्या छावण्या होत्या आणि तेथेही हजारोंनी माणसे मेली, पण त्यांची मोजदाद नीट ठेवण्याची गरज त्या वेळी कोणास भासली नाही.

गांधीजी तेव्हा नाताळात वकिली करीत होते. आपली व्यक्तिगत सहानुभूती सर्वस्वी बोअरांकडे होती, असे त्यांनी आत्मचरित्रात स्वच्छ लिहिले आहे. आणि ट्रान्सवालात हिंदी लोकांना बोअरांकडून मिळणारी वागणूक तर अपमानाचीच होती. तरीही त्यांचे मन त्या झुंजणाऱ्या शेतकऱ्यांकडे ओढले गेले. असे असूनही त्यांनी इंग्रजांच्या बाजूने शुश्रूषापथक उभारले. त्यात सुमारे अकराशे हिंदी माणसे होती, बहुतेक करारबद्ध मजूर. कोलेन्सो व स्पिऑन कॉप येथील रणांगणांवरून त्यांनी जखमी शिपाई डोल्यांतून मैलोगणती वाहून नेले. विचार असा होता की, ब्रिटिश प्रजाजन म्हणून आपण हक्क मागतो, तर ब्रिटिश प्रजाजनाचे कर्तव्यही केले पाहिजे. या सेवेबद्दल त्यांना पदक मिळाले. त्या पदकाची गोष्ट पुढे येईल.

इकडे हिंदुस्थानातही पुष्कळ सुशिक्षितांना बोअरांविषयी कौतुक वाटे. युद्धात पकडलेल्या बोअरांपैकी सुमारे नऊ हजार कैद्यांना हिंदुस्थानात आणून ठिकठिकाणी ठेवले होते आणि त्यांतील एक ठिकाण होते अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, किल्ला. ज्या खंदकाच्या आत चांदबिबी लढली, तेथे हे दाढीवाले आफ्रिकी शेतकरी आपल्या शेतांची काळजी करीत बसले. नगर जिल्ह्यातील आपल्या वाचकांनी त्या किल्ल्याशेजारून कितीदा तरी एस. टी. ने प्रवास केला असेल. त्या किल्ल्याकडे आपण पुन्हा वळणार आहोत.

आता बोअरांचे काय झाले ते पाहू, कारण त्यांच्या कहाणीत आपल्याच प्रश्नाचे प्रतिबिंब आहे. तहानंतर आठ वर्षांनी, १९१० साली, दक्षिण आफ्रिकेचे संघराज्य झाले आणि त्याचे पंतप्रधान झाले लुई बोथा, जे कालपर्यंत बोअरांचे सेनापती होते. त्यांचे उजवे हात यान स्मट्स, तेही बोअर सेनानी. १९१४ साली महायुद्ध सुरू झाले आणि लंडनहून निरोप आला की शेजारचा जर्मन नैऋत्य आफ्रिका हा प्रदेश जिंकून घ्या. बोथा व स्मट्स तयार झाले. परंतु ज्यांच्या आया आणि बहिणी त्या छावण्यांत मेल्या होत्या, त्यांना हे कसे रुचावे? बारा वर्षांत जखम भरते काय? जर्मनांनी तर त्यांचे काही बिघडविले नव्हते. उलट मागच्या युद्धात जर्मनीची सहानुभूती बोअरांकडेच होती. सुमारे अकरा-बारा हजार बोअरांनी बंड केले. ख्रिस्तियान द वेट यांच्यासारखे नामांकित सेनापती त्यांत होते. बोथांनी ते बंड इंग्रज शिपायांकरवी न मोडता मुद्दाम बोअर शिपायांकरवीच मोडले. गोळी झाडणारा आणि गोळी खाणारा दोघेही एकाच चर्चमध्ये स्तोत्रे म्हणणारे.

त्या बंडातील योपी फूरी नावाचा एक अधिकारी सरकारी सैन्याचा राजीनामा न देताच बंडात सामील झाला होता. लष्करी न्यायालयाने त्याला मृत्युदंड दिला. दयेची याचना घेऊन शिष्टमंडळ निघाले. त्यात दानिएल मलान नावाचे एक डच रिफॉर्म्ड चर्चचे धर्मोपदेशकही होते. उपयोग झाला नाही. २० डिसेंबर १९१४ रोजी फूरीला गोळी घातली गेली आणि आफ्रिकानेर घराघरांत स्मट्स या नावाला एक डाग लागला, तो शेवटपर्यंत निघाला नाही.

हीच ठसठस पंचवीस वर्षांनी पुन्हा वर आली. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्धात पडावे की तटस्थ राहावे यावर तेथील संसदेत मतदान झाले. ऐंशी मते युद्धाच्या बाजूने, सदुसष्ट तटस्थतेच्या. स्मट्स पुन्हा पंतप्रधान झाले. देश असा दुभंगलेला असताना सक्तीची भरती करण्याचे धाडस सरकारला झाले नाही, म्हणून स्वेच्छेने येणाऱ्यांना आर्जवे सुरू झाली. आफ्रिकेत कोठेही लढण्याची शपथ घेणाऱ्या शिपायाच्या खांद्यावर नारिंगी-लाल फीत असे. वरवर ती सन्मानाची खूण, पण तिच्यामुळे शपथ न घेणाराही लगेच ओळखू येई. एका छोट्याशा कापडाच्या तुकड्याने प्रत्येक कुटुंबात, प्रत्येक बराकीत दोन तट पाडले. दुसरीकडून जर्मनीतील झेसन या आकाशवाणी केंद्रावरून आफ्रिकान्स भाषेत प्रचार चाले आणि त्याचा सूर ठरलेला असे: तुमच्या आयांच्या छावण्या आठवा. १९३९ मध्येच स्थापन झालेली ओसेवाब्रांडवाख नावाची संघटना जर्मनीकडे डोळे लावून बसली होती. तिच्या काही लोकांनी घातपात केले. पुढे पंतप्रधान झालेले जॉन फोर्स्टर त्या काळात या कारणासाठी स्थानबद्ध होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आफ्रिकानेरांचे दुःख खरे होते, पण खऱ्या दुःखाने माणूस आपोआप न्यायी होत नाही. ज्या मलान यांचा वर उल्लेख आला, तेच १९४८ साली पंतप्रधान झाले आणि वर्णभेदाची राजनीती त्यांच्याच कारकिर्दीत कायद्याने पक्की झाली. आणि ज्या काळ्या आफ्रिकी माणसांना ना बोअरांनी विचारले ना इंग्रजांनी, त्यांनाही पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये मजुरीसाठी नेले होते. हाती बंदूक मात्र दिली नाही. २१ फेब्रुवारी १९१७ रोजी 'मेंडी' हे जहाज इंग्लंडजवळच्या समुद्रात बुडाले, तेव्हा त्यांतील सहाशेहून अधिक माणसे एकाच पहाटे गेली.

आता पहिल्या महायुद्धाच्या काळातील आपल्या देशाकडे परत येऊ. हिंदुस्थानातून त्या युद्धात तेरा लाखांहून अधिक माणसे परदेशी गेली, त्यांतील सुमारे चौऱ्याहत्तर हजार परतली नाहीत. कायद्याने सक्ती नव्हती, तरी पंजाबात गावांवर आकडे ठरवून देऊन माणसे गोळा केल्याच्या तक्रारी पुढे फार गाजल्या. भरतीच्या पत्रकांची तऱ्हा साधी होती. एका उर्दू पत्रकावर नुसते रुपये, बंदूक आणि गणवेश यांची चित्रे काढून विचारले होते की हे कोण घेणार. आणि उत्तरही खालीच दिले होते की जो ताबडतोब भरती होईल तो. उपाशी माणसाला वाढलेले ताट दाखविण्यासारखे ते होते.

मात्र सगळेच भाकरीसाठी गेले असे म्हणणे अन्यायाचे होईल. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढल्या. कूट या गावी त्यांतील कित्येक वेढ्यात सापडले. २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील फौज शरण गेली तेव्हा सुमारे तेरा हजार गोरे व हिंदी शिपाई आणि नोकरचाकर तुर्कांच्या हाती लागले, आणि त्यांतील पुष्कळ वाळवंटातून चालविताना आणि कैदेत मेले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मराठ्यांच्या भरतीस उत्तेजन दिले. महार समाजाची गोष्ट तर याहून वेगळी. एके काळी कंपनीच्या फौजेत शौर्य गाजविलेल्या या समाजाला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी 'लढवय्ये नाहीत' असे म्हणून लष्कराची दारे बंद केली होती. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये ती उघडावीत म्हणून अर्ज केला होता. १९१७ मध्ये, गरज पडली तेव्हा, १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडून टाकण्यात आली. अशा माणसाला गणवेश म्हणजे साम्राज्याची चाकरी वाटत नव्हती. गावच्या चावडीसमोर ताठ मानेने चालण्याचा परवाना वाटत होता. त्याला राष्ट्रद्रोही म्हणणारा माणूस बहुधा चावडीच्या आत बसलेला असे.

युद्धाची दुसरी बाजू आपल्या धर्मग्रामांना जवळून माहीत आहे. मुंबई-पुण्याकडील ख्रिस्तसभेचे कार्य तेव्हा जर्मन प्रांताच्या येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाती होते. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ साली त्यांनीच काढले. नगर जिल्ह्यातील कित्येक खेड्यांत पहिली मिस्सा त्यांनीच केली. ऑगस्ट १९१४ मध्ये हे फादर एका रात्रीत 'शत्रूचे प्रजाजन' ठरले. अनेकांना स्थानबद्ध केले गेले आणि स्थानबद्धतेची मोठी छावणी होती तीच, अहमदनगरची. ज्या शहराने बारा वर्षांपूर्वी बोअर पाहिले होते, तेथे आता जर्मन व्यापारी, खलाशी आणि मिशनरी आले. १९१५-१६ मध्ये 'गोलकोंडा' नावाच्या जहाजाने कित्येक जर्मन मिशनऱ्यांना परत पाठविण्यात आले. ज्या म्हाताऱ्या फादरांनी आपल्या आजोबा-पणजोबांना बाप्तिस्मा दिला, त्यांना पोलीस घेऊन गेले, तेव्हा त्या खेडुतांनी सहानुभूती कोणाकडे ठेवायची होती? सरकारी जाहीरनामा वाचून प्रेम बदलता येत नाही. (याच किल्ल्यात १९४२ साली पंडित नेहरूंना व त्यांच्या सहकाऱ्यांना ठेवले, हे सर्वांना ठाऊक आहेच.)

लोकमान्य टिळकांचा मार्ग हिशोबी होता. सहा वर्षे मंडालेत काढून ते जून १९१४ मध्ये सुटले आणि ऑगस्टमध्ये त्यांनी सरकारला युद्धात साहाय्य करावे असेच जाहीर केले. परंतु त्यांचे म्हणणे होते की, माणसे हवीत तर माणसांचा मानही द्या. हिंदी माणसाने नुसता शिपाई म्हणून मरावे आणि अधिकारी म्हणून त्याला सनद मिळू नये, हे कसे चालेल? १० जून १९१८ रोजी मुंबईत गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी युद्धपरिषद भरविली. टिळक राजनिष्ठा व्यक्त करून स्वराज्याच्या प्रश्नाकडे वळताच गव्हर्नरांनी त्यांना अडविले. टिळक सभा सोडून निघून गेले. पुढे त्यांनी गांधीजींकडे पन्नास हजार रुपयांचा धनादेश पाठविला. हिंदी लोकांना लष्करात अधिकारपदे देण्याचे वचन तुम्ही सरकारकडून मिळवा, मग मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसे देतो. न दिली तर ही रक्कम जप्त. गांधीजींनी तो परत केला. साहाय्य करायचे तर सौदा करून करू नये, असे त्यांचे मत होते.

आणि येथे आपण खेडा जिल्ह्यात येऊन पोहोचतो.

१९१७ च्या अतिवृष्टीने खेड्यातील पीक बुडाले होते, त्यात प्लेगची साथ. सरकारने सारा माफ केला नाही, तेव्हा मार्च १९१८ मध्ये गांधीजी व वल्लभभाई पटेल यांनी साराबंदीचा सत्याग्रह सुरू केला. जप्त्या झाल्या, गुरेढोरे ओढून नेली, तरी शेतकरी डगमगले नाहीत. जूनच्या आरंभी तो लढा मिटला. एप्रिलअखेर दिल्लीच्या युद्धपरिषदेत गांधीजींनी भरतीच्या ठरावास पाठिंबा दिला होता. तो शब्द पाळण्यासाठी ते त्याच शेतकऱ्यांकडे परतले.

२२ जून १९१८ रोजी नडियादहून त्यांनी पत्रक काढले. त्यातील युक्तिवाद असा: स्वराज्य हवे तर देशाचे रक्षण करण्याची शक्ती हवी, शस्त्र चालविण्यास शिकायचे तर ही संधी आहे, साम्राज्याला संकटात साथ दिली तर त्यात बरोबरीचा वाटा मिळेल. जिल्ह्यात सहाशे गावे आहेत. प्रत्येक गावाने वीस माणसे दिली तर बारा हजार होतील. सात लाखांच्या वस्तीत हे प्रमाण शेकडा १.७ पडते आणि ते तर नेहमीच्या मृत्यूच्या प्रमाणाहूनही कमी आहे, असेही त्यांनी लिहिले.

हा हिशोब मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. गणित बरोबर आहे. पण ज्या घरात प्लेगने दोन माणसे गेली आहेत आणि वीसांपैकी एक आपलाच मुलगा असणार आहे, त्या घरात बसून ते वाचावे. गांधीजींच्या लेखणीतून असे वाक्य उतरावे यावरून भरतीच्या कामाचा गुण कळतो. ते काम हाती घेणाऱ्या सज्जनाच्याही तोंडी ते आपली भाषा घालते. इतर वेळी एकेका माणसासाठी उपास करणारा महात्मा येथे शेकडेवारी मांडू लागतो.

गावांनी काय केले? साराबंदीच्या दिवसांत एक स्वयंसेवक हवा तर दोन येत, गाड्या फुकट जोडून मिळत. आता भाड्यानेही गाडी मिळेना. गांधीजी, वल्लभभाई आणि मोजके सोबती पाठीवरच्या पिशवीत शिधा घेऊन दिवसाला वीस-वीस मैल चालले. सभेला माणसे जमत, पण नाव देणारा एखादा-दुसराच निघे. लोक दोन प्रश्न विचारीत. तुम्ही अहिंसा सांगता, मग आम्हांला शस्त्र घ्या असे कसे म्हणता? आणि या सरकारने आमचे काय भले केले, म्हणून आम्ही त्याच्यासाठी मरावे?

माझ्या अल्पमतीला हे प्रश्न पत्रकाहून सरळ वाटतात. हेच शेतकरी भेकड असते तर तीन महिन्यांपूर्वी जप्तीच्या कारकुनासमोर उभे राहिले नसते. त्यांना लढणे ठाऊक होते. पण कोणासाठी, हे त्यांना कळत होते. बोअरांप्रमाणे त्यांनी बंड केले नाही, शिव्या दिल्या नाहीत. केवळ गाडी जुंपली नाही.

गांधीजींचे स्नेही चार्ली अँड्र्यूज, जे अँग्लिकन पंथाचे धर्मोपदेशक राहिले होते, त्यांनाही हे पटेना व त्यांनी पत्रांतून तसे कळविले. गांधीजींचे उत्तर असे की, ज्याला मारण्याची शक्तीच नाही त्याला न मारण्याचे व्रत कसे शिकवावे? भीतीने हात आखडणे म्हणजे अहिंसा नव्हे. या उत्तरात तथ्य आहे, हे मी मान्य करतो. पण अँड्र्यूज यांचा प्रश्न त्याने सुटत नाही. शक्ती शिकविण्याची पाठशाळा मेसोपोटेमियाच्या खंदकातच का असावी, हे गांधीजींनी सांगितले नाही. त्याच्या आदल्या वर्षी, १ ऑगस्ट १९१७ रोजी, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी लढणाऱ्या राष्ट्रांना पत्र लिहून त्या युद्धाला निरर्थक संहार म्हटले होते. दोन्ही पक्षांच्या सरकारांनी ते पत्र बाजूस सारले.

हळूहळू काही नावे नोंदली जाऊ लागली, इतक्यात ऑगस्टमध्ये गांधीजींना आमांशाने गाठले आणि ते मरणाच्या दारात जाऊन आले. अंथरुणावर असतानाच वल्लभभाईंनी बातमी आणली की जर्मनी पूर्णपणे हरली आहे, भरतीची गरज उरली नाही. पुढच्याच वर्षी रौलट कायदा आला आणि १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरात, ज्या पंजाबने सर्वांत अधिक शिपाई दिले त्याच पंजाबात, जालियनवाला बागेत गोळ्या चालल्या.

१ ऑगस्ट १९२० च्या पहाटे मुंबईत लोकमान्यांचे देहावसान झाले. त्याच दिवशी गांधीजींनी व्हाइसरॉयला पत्र लिहून कैसर-इ-हिंद सुवर्णपदक, झुलू युद्धाचे पदक आणि बोअर युद्धातील सेवेचे ते पदक, अशी तिन्ही परत पाठविली.